मुद्देमाल नंबर एक्केचाळीस

माझ्या बायकोचं लग्न माझ्याशी झालेलं नाही, हे मला सोळा वर्षं ठाऊक होतं. पण ते भर कोर्टात, जज्जासमोर, तीस-चाळीस रिकामटेकड्या माणसांच्या देखत कबूल करायची पाळी येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्या जज्जसाहेबांसारखे डोक्याला हात लावून बसाल.

आम्ही जगदाळे. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आजोबा फौजेत होते, वडील फौजेच्या कचेरीत होते आणि मी, जयसिंगराव, नगरपालिकेत सायकलींना बिल्ले देणारा कारकून आहे. घराणं पायरी-पायरीनं कसं उतरतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं आमच्याकडे यावं, चहा मिळेल. इंदुरातल्या प्रत्येक सायकलला दरसाल एक पत्र्याचा बिल्ला लावावा लागतो. तो माझ्या हातून जातो. लोक मला नमस्कार करतात, पण तो बिल्ल्याला असतो, हे मला कळतं.

एकोणीसशे त्रेचाळीस साली मी झाशीला लष्करी कोठारात होतो. पोत्यांवर शिक्के मारायचं काम. सांवेरच्या संताजीराव निंबाळकरांची मुलगी इंदिरा हिच्याशी माझं लग्न ठरलं, वैशाखातला मुहूर्त धरला, आणि ऐन वेळी माझी रजा रद्द झाली. मुहूर्त पुढे ढकलावा तर पुढे सिंहस्थ. सिंहस्थात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. मग आमच्यासारख्या घराण्यात अशा वेळी जे करायची रीत आहे ते वडिलांनी केलं. नवऱ्याच्या जागी नवऱ्याचा खांडा पाठवला.

खांडा म्हणजे सरळ पात्याची, दोन्ही अंगांनी धार असलेली तलवार. तिला मुंडावळ्या बांधल्या, शेला पांघरला, घोड्यावर बसवून वाजतगाजत सांवेरला नेलं. बोहल्यावर उभं केलं, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या आणि सोळा वर्षांच्या इंदिरेनं त्या पोलादाच्या मुठीला माळ घातली. मला ही सगळी हकीकत पत्रानं कळली. मी कोठारातल्या मित्रांना पेढे वाटले आणि पुन्हा शिक्के मारायला बसलो.

आता रीत अशी आहे की नवरा परत आला की भटजींना बोलावून उरलेला विधी करायचा. आमच्यात त्याला खांडा उतरवणं म्हणतात. नवरा खांड्यापुढे हात जोडतो, त्याच्या मुंडावळ्या सोडून स्वतःच्या कपाळी बांधतो, बायको त्याच्या गळ्यात नव्यानं माळ घालते. तिथून पुढे नवरा नवरा होतो आणि खांडा पुन्हा हत्यार होतो. आमच्या घरी हे राहून गेलं. का राहिलं ते पुढे येईलच. मला ते सांगायला फारसं आवडत नाही.

राहून गेलं म्हणजे इंदिरेच्या लेखी खांडाच नवरा राहिला. भांडण नाही, तंटा नाही. माझा डबा वेळेवर, तापात कपाळावर पट्टी वेळेवर, आणि आम्हाला शालिनी नावाची तेरा वर्षांची मुलगीही आहे. पण सणवार आला की मी दुसरा. दिवाळीच्या पाडव्याला ती आधी खांड्याला ओवाळते, मग उरलेल्या वातीवर मला. वटपौर्णिमेला सात जन्म मागते ते त्याच्यासाठी. मी एकदा विचारलं होतं, "आणि माझं काय?" तर म्हणाली, "तुम्ही असालच की जवळपास." माझी फार तक्रार नव्हती. खांडा जेवत नाही, घोरत नाही, मतं देत नाही. अशा माणसाबरोबर एका घरात निभतं.

मध्य प्रदेश होऊन दोन वर्षं झाली होती. पाडव्याच्या आधी खांड्याला पाणी द्यायला म्हणून मी तो मल्हारगंजातल्या सिकलीगराकडे घेऊन निघालो. हत्यारं घासूनपुसून उजळणारा तो जुना कारागीर. खांडा इंदिरेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधला होता. शहरात कसल्याशा मिरवणुकीवरून जमावबंदी चालू होती, पण तिचा माझा काय संबंध, असं मला वाटत होतं. चौकात एका शिपायानं मला अडवलं. खांड्यासाठी नव्हे. माझ्या सायकलला बिल्ला नव्हता.

"बिल्ला कहां है, बाबूजी?"

"अरे भिया, बिल्ला मैं ही देता हूं."

"तो लगाया क्यों नहीं?"

दिव्याखाली अंधार तो हाच. मी उगाच खिसे चाचपायला लागलो तसा त्याचा संशय वाढला आणि त्यानं दांडीवरचं गाठोडं सोडलं. आतून कुंकवानं माखलेली मूठ बाहेर आली.

"और ये किसकी है?"

खरं उत्तर होतं, "माझ्या बायकोचा नवरा आहे." पण भर मल्हारगंजात, दुपारी बारा वाजता, ओळखीचे चार दुकानदार बघत असताना हे कोण म्हणेल? मी छाती काढून म्हणालो, "मेरी." एवढा एकच शब्द. तो पंचनाम्यात गेला आणि मी चौकीत.

खांडा मालखान्यात जमा झाला. जप्त माल ठेवायची ती खोली; तिथं त्याला मुद्देमाल नंबर एक्केचाळीस अशी चिठ्ठी बांधली. पाडव्याला इंदिरा ताट घेऊन थेट तिथं गेली. मालखान्याचा मुन्शी म्हातारा होता, घरचा सण सोडून ड्यूटीवर बसला होता. त्यानं आधी नियम सांगितला, मग ताटातले अनारसे बघितले, मग एक्केचाळीस नंबर स्टुलावर उभा करून दिला. इंदिरेनं ओवाळलं. मुन्शीनं बाजूच्या चाळीस नंबरला, म्हणजे चोरीच्या एका पंपाला, जरा सरकवून जागा केली होती. मी दारात उभा होतो. त्या वर्षी माझ्यापर्यंत वात पोचलीच नाही.

मॅजिस्ट्रेटसमोर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा खटला वीस मिनिटं चालला. मी वकील दिला नाही. कशाला द्यायचा? शंभर रुपये दंड झाला, मी तो भरला. ऑफिसातल्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं की दंडावर निभलं तर नोकरीला धक्का नाही. मी खुशीत येताना पावशेर शेव घेऊन आलो. निकालाची दुसरी ओळ मी इंदिरेला सहज, चप्पल काढता काढता सांगितली. हत्यार सरकारजमा करून मोडून टाकावं, असा हुकूम होता.

ती गहू निवडत होती. "मोडून म्हणजे?"

"म्हणजे कारखान्यात नेऊन तुकडे करणार. लोखंडच ते."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "कोणत्या तारखेला?"

"का गं?"

"तयारी करायला नको? कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं. शालूचे पेपर होऊन जाऊ देत म्हणावं, म्हणजे पोरीचं लक्ष राहील. आणि तेराव्याला तुमच्याकडची किती माणसं धरू?"

"इंदिरा, मी जिवंत आहे."

"आहात की. मी कुठं नाही म्हणते?"

मी हसलो. मला वाटलं, बाई रागावली आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं हिरव्या बांगड्या काढून शेजारच्या शारदावहिनींना देऊन टाकल्या होत्या; नंतर काढताना फुटतात, वाया कशाला घालवायच्या, असं म्हणाली. कुंकवाचा करंडा घासून, पुसून, फडताळात वरच्या खणात ठेवला होता. बत्तीस वर्षांची माझी बायको माझ्या डोळ्यांदेखत विधवा व्हायला निघाली होती, शांतपणे, घरातली कामं आवरून. आणि मी तिला अजून एक पोळी वाढ म्हणत होतो. मेलेल्या माणसाला भूक लागावी तसं मला माझंच वाटायला लागलं. मी भ्यालो, हे सरळ सांगतो.

मी दत्तोपंत वकिलांकडे गेलो. मल्हारगंजातले जुने वकील, संस्थानाच्या काळापासून काळा कोट घालणारे. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "अपील करू. मोडण्याला स्टे तर आजच आणतो. पुढे दोन रस्ते आहेत. संस्थानात तुमच्या घराण्याला शस्त्र बाळगायची माफी असेल. त्याचं पुस्तक शोधू."

पुस्तक शोधायला दोन महिने गेले. ते इथून ग्वाल्हेरला गेलं होतं, ग्वाल्हेरहून भोपाळला. तिथल्या एका कचेरीतून उत्तर आलं की मूळ पुस्तक आमच्याकडे आहे की नाही हे तपासण्यासाठी कृपया त्या पुस्तकाची एक प्रत पाठवावी.

"हा रस्ता बंद," दत्तोपंत म्हणाले. "आता ताबा. खांडा तुमच्या ताब्यात नव्हता, असं दाखवायचं."

"अहो, सायकल माझी, दांडी माझी, मीच चालवत होतो."

"ते रस्त्यावर. घरात कुणाच्या ताब्यात असतो?"

"इंदिरेच्या."

"मग गुन्हेगार त्या."

"नाही, नाही. तसं नको."

"भिया, कुणाच्या तरी ताब्यात असणारच ना? वस्तू आहे ती."

मग मी खाली मान घालून सोळा वर्षांची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "जयसिंगरावजी, हे आधी का नाही सांगितलंत? नवरा कधी कुणाच्या ताब्यात असतो का? कायद्यानं नवरा ही वस्तूच नाही. आणि जी वस्तू नाही ते हत्यार कसं होईल?" आतून त्यांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला आणि हे वाक्य ऐकून दत्तोपंतांकडे एकदा बघितलं. ते कागद चाळायला लागले.

अपिलात नवे साक्षीदार सहसा घेत नाहीत. पण दत्तोपंतांनी अर्ज दिला आणि जज्जसाहेबांनी तो मंजूर केला, मला वाटतं निव्वळ कुतूहलानं. साहेब बिलासपूरकडचे. नव्या राज्यानं त्यांना उचलून इकडे आणलं होतं. मराठी त्यांना कळायची, पण मराठ्यांचं कळत नव्हतं.

ज्येष्ठातला दिवस, कोर्टात पंखा कुरकुरत होता. समोरच्या टेबलावर खांडा आडवा ठेवलेला, मुठीला चिठ्ठी. इंदिरा पिंजऱ्यात उभी राहिली. पेशकारानं, म्हणजे तिथल्या कारकुनानं, नेहमीच्या सुरात विचारलं, "पति का नाम?"

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे पेशकाराला माहीत होतं. अशा वेळी बाई नवऱ्याकडे बोट करते आणि तो उठून आपलं नाव सांगतो. मी सवयीनं अर्धा उठलोसुद्धा. इंदिरेनं हात वर केला आणि टेबलाकडे दाखवलं.

पेशकारानं टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रकाना कोरा ठेवला.

सरकारी वकील व्यासजी उठले. माळव्यातला गोड माणूस, पण उलटतपासणीत गोडवा बाहेर ठेवून यायचा. "बाईजी, ये तो तलवार है."

"हो."

"तो फिर ये कौन हैं?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

इंदिरेनं माझ्याकडे नीट बघितलं. "ये हमारे घर के हैं."

"घर के मतलब? इनसे रिश्ता क्या है?"

"रिश्ता चांगला आहे."

मागे लोक हसले. व्यासजी थांबले नाहीत. "आपकी एक लड़की है?"

"आहे. शालिनी. नववीत आहे."

"किसकी लड़की है?"

"हमारी."

"हमारी मतलब किन-किन की?"

"हम तीनों की," इंदिरा म्हणाली.

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि पुन्हा उचलली.

मग दोन्ही वकील एकमेकांना भिडले. व्यासजींचं म्हणणं असं की खांडा हा नवऱ्याचा मुखत्यार म्हणून लग्नाला गेला, मुखत्यार मालकाचा, तेव्हा तलवार आरोपीचीच, ताबा आरोपीचाच. आणि आरोपी जर नाही म्हणत असेल तर तो सोळा वर्षं परक्याच्या बायकोबरोबर राहतो आहे, त्याबद्दल आज खटला नाही, पण कोर्टानं मनात ठेवावं. दत्तोपंत म्हणाले, देवळातल्या मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते. मग ज्याची रोज पूजा होते तो खांडा व्यक्ती का नसावा?

"लेकिन मूर्ति की शादी होती है क्या?" साहेबांनी विचारलं.

"हर साल होती है, हुजूर. तुलसी-विवाह."

हे साहेबांना पटलं. बिलासपूरलाही तुळशीचं लग्न होतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. व्यासजी पटकन म्हणाले, "हुजूर, शालिग्राम को आज तक किसी ने साइकिल पर नहीं पकड़ा."

हेही साहेबांनी लिहून घेतलं.

शेवटचे साक्षीदार नाना. ज्यांनी ते लग्न लावलं ते सांवेरचे भटजी, आता ऐंशीच्या घरात. सकाळच्या बसनं त्यांना मी स्वतः घेऊन आलो होतो, वाटेत ते माझ्याशी अक्षर बोलले नव्हते. त्यांनी कोर्टाला खांडा-लग्नाची सगळी रीत सांगितली, कुठंही न अडखळता. खांडा उतरेपर्यंत खांडाच नवरा. एकदा उतरला की ते नुसतं हत्यार.

"तो इस मामले में उतारा गया या नहीं?" साहेबांनी विचारलं.

नाना माझ्याकडे वळले. "ते ह्यांनाच विचारा."

साहेबांनी मला उभं केलं.

आता माझी गोची कशी होती बघा. मी "हो, उतरवला" म्हटलं असतं तर सरकारी कागदावर कायमचं लागलं असतं की इंदिरेचा नवरा जयसिंगराव जगदाळे. खांडा हत्यार ठरला असता, मोडला गेला असता, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा घरात मी एकटाच नवरा उरलो असतो. नाना म्हातारे, इंदिरा बाई, माझा शब्द खोडणारं कुणी नव्हतं. "नाही" म्हटलं असतं तर खांडा वाचला असता आणि मी कुणीच नसतो. मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगला दोन श्वास मोह झाला. मग मी इंदिरेकडे बघितलं. तिच्या कपाळावर त्या दिवशीही कुंकू होतं, करंड्यातून काढून लावलेलं, बहुधा शेवटचं म्हणून. ती माझ्याकडे विनवणीनं बघत नव्हती. मी काय म्हणेन ते ती सोळा वर्षांपूर्वीच धरून चालली होती.

"नाही उतरवला, साहेब."

दत्तोपंत माझा कोट ओढून कुजबुजले, "बस, आता खाली बसा." पण साहेबांनी विचारलं, "क्यों?"

"लग्नानंतर चार महिन्यांनी मी सुट्टीवर आलो," मी म्हणालो. "नाना सामान घेऊन आले होते. मी ओट्यावर मित्रांबरोबर बसलो होतो, अंगावर खाकी, डोक्यात हवा. नाना म्हणाले, चला, खांड्याला हात जोडायचेत. मी म्हणालो, मी काय तलवारीकडून चार्ज घेऊ? मी आलो हेच पुष्कळ. मित्र हसले. मला बरं वाटलं. नानांना मी दक्षिणा देऊन परत पाठवलं."

नाना मध्येच म्हणाले, "घेतली नव्हती मी."

"नव्हती घेतली. ओट्यावर ठेवून गेले."

"और आपकी... ये बाईजी?" साहेबांनी विचारलं.

"ती दाराआड उभी होती. शालू नेसून, हातात माळ घेऊन. मी पहिल्यांदाच तिला बघत होतो."

"आपने देखा था?"

"दिसली होती, साहेब."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इंदिरेला तर नाहीच. मला दिसली नव्हती, असं तिला वाटत असेल, अशी मी आपली समजूत घालून घेतली होती. पण ती मान खाली न घालता ऐकत होती, तेव्हा कळलं की तिला ते माहीत होतं. मागचे लोक हसायचे थांबले. व्यासजी म्हणाले, "मुझे और कुछ नहीं पूछना," आणि हळूच खुर्चीत बसले.

निकाल आठवड्यानं लागला. शिक्षा रद्द, दंड परत. साहेबांनी लिहिलं होतं की सदर खांडा ही श्रीमती इंदिराबाई यांची पूजेची वस्तू असून विवाहाच्या रूढीनं तिला त्या कुटुंबात मानाचं स्थान आहे. ती अपीलकर्त्याच्या ताब्यात असल्याचं सिद्ध होत नाही, सबब ती इंदिराबाईंना सन्मानानं परत करावी. अपीलकर्त्याचा उल्लेख पूर्ण निकालपत्रात, सात पानांत, एकच केला होता: "जो उसी मकान में निवास करता है." बिनबिल्ल्याच्या सायकलीबाबत योग्य ती कारवाई नगरपालिकेच्या संबंधित कारकुनानं करावी, असंही शेवटी होतं. ती मी दुसऱ्याच दिवशी केली. स्वतःला नोटीस दिली, स्वतः सही करून घेतली, आणि ताकीद देऊन सोडलं.

निकाल ऐकायला नानाही हट्टानं आले होते. टांग्यात मागच्या बाकावर इंदिरा बसली, तिच्या मांडीवर खांडा, शेजारी नाना. मी पुढे टांगेवाल्याजवळ. टांगेवाल्यानं विचारलं, "भिया, लगन है क्या?" मी म्हणालो, घोड्याकडे लक्ष दे.

घरी आल्यावर इंदिरेनं चिठ्ठी काढली, मऊ फडकं घेऊन पातं पुसायला बसली. सहा-सात महिन्यांची मालखान्याची धूळ होती. मी थोडा वेळ दारात घुटमळलो आणि मग आत गेलो. तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सोळा वर्षांत मी असा तिच्यासमोर जमिनीवर बसल्याचं मला आठवत नाही.

"नाना आहेत," मी म्हणालो. "उरलेला विधी करून टाकू. मी हात जोडतो त्याला. मुंडावळ्या बांधतो. तो नसता तर तू त्या दिवशी बोहल्यावर एकटी उभी राहिली असतीस. हे मला कळायला इतकी वर्षं लागली. चुकलंच माझं."

ती पुसत राहिली. टोकापर्यंत गेली, पुन्हा मुठीकडे आली.

"हे तुम्ही सांगताय की विचारताय?"

ऑफिसात मी शंभर माणसांना रोज हो-नाही करतो. "विचारतोय," मी म्हणालो.

इंदिरेनं फडक्याची घडी घातली. "मला लग्नाचं कधी कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, तुमच्या वडिलांनी नाही, आणि तुम्ही तर नव्हताच." मग जराशानं म्हणाली, "विचार करून सांगते."

आज चौथा दिवस आहे. मी रोज दाढी करतो, इस्त्रीचा सदरा घालतो आणि ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास बाहेरच्या खोलीत ताठ बसून राहतो. इंदिरा आतून चहा पाठवते, शालिनी तो आणून देते आणि तोंड फिरवून हसते. नाना रोज सकाळी मला सांवेरच्या बसची वेळ विचारतात आणि मी त्यांना रोज खोटी वेळ सांगतो.